तक्त्यातल्या बायका

आधी प्रश्न कागदावर लिहा. फोन शेजारी असला तरी अजून उचलू नका. घरात कुणाच्या तब्येतीची काळजी शिरली की बोटं आपोआप स्क्रीनकडे वळतात, एकामागून एक पानं उघडत जातात, आणि शेवटचं पान बंद करताना पहिल्यावर काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. अशा वेळी मन धीर शोधत असतं, आणि धीर शोधायला निघालेल्या माणसाला वाटेत जे पहिलं भेटेल ते खरं वाटतं. म्हणून कागद हवा. त्यावर एकच वाक्य, प्रश्नचिन्हासकट.

‘ब्रेस्ट कॅन्सर’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहून पाहा: ‘काहीही त्रास नसलेल्या बावन्न वर्षांच्या मावशीने दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडून स्तनांची तपासणी करून घेतली, तर या आजाराने मृत्यू येण्याची शक्यता कमी होते का?’ वाक्य लांबलं, पण आता त्यात माणूस आला, त्याचं वय आलं, काय करायचं ते आलं, आणि कशावरून उपयोग झाला म्हणायचं तेही आलं. डॉक्टरांना संशोधन वाचायला शिकवतात तेव्हा असेच प्रश्नाचे भाग पाडायला लावतात. हे वाक्य दोनदा मनात म्हणा. मावशीचा चेहरा समोर येऊ द्या. पुढच्या सगळ्या वाचनात तो समोर राहिला पाहिजे.

आता फोन घ्या, किंवा जमलं तर मोठा पडदा घ्या, कारण तक्ते फोनवर नीट दिसत नाहीत. पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची 1997 च्या जूनमध्ये जगाला मोफत खुली झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. आकड्याला दचकू नका. तुम्हाला त्यातली एक हवी आहे. आजाराचं नाव, तपासणीचं नाव आणि ‘मुंबई’ असे शब्द इंग्रजीत टाका. यादी आली की बाजूला चाळण्या दिसतील. पूर्ण लेख फुकट वाचता येतो का, तो कोणत्या वर्षाचा आहे, कोणत्या प्रकारचा अभ्यास आहे, हे तिथे निवडता येतं. बरेच लेख पैशांच्या कुंपणाआड असतात. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं आणि सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी शिक्षण-संशोधन संस्थांना खुली झाली. पण नेरुळमधल्या घरात बसलेल्या वाचकाला त्याचा थेट लाभ नाही. आपल्यासाठी जे मुळातच खुलं आहे ते पुष्कळ आहे. परळच्या केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून 1955 पासून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ खुलं आहे. ब्रिटनमधल्या ‘बीएमजे’चे संशोधन-लेखही खुले आहेत, आणि आज आपल्याला त्यातलाच एक वाचायचा आहे.

24 फेब्रुवारी 2021 ला तो प्रसिद्ध झाला. विषय स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा, अभ्यास मुंबईतला, आणि तो केला टाटा मेमोरियलने. नवी मुंबईकरांना तो जवळचा वाटावा याला कारण आहे. पहिले लेखक इंद्रनील मित्रा यांची प्रयोगशाळा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘खारघरचं टाटा’ म्हणतो तिथे. लेखकांमधल्या राजेश दीक्षित यांचं कॅन्सर एपिडेमिओलॉजीचं केंद्रही त्याच आवारात आहे. सेक्टर 22 कडे जाणाऱ्या रिक्षात मांडीवर फाईल घेतलेली माणसं रोज दिसतात. त्या फायलींतून निघणारं ज्ञान शेवटी ज्या कागदावर उतरतं, तो कागद तुमच्यासमोर आहे.

शीर्षक वाचा. घाई नको. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत: हाताने केलेली तपासणी, आजाराचं प्रमाण आणि मृत्यू, 20 वर्षांनंतर, मुंबईत. ‘20 वर्षांनंतर’ या शब्दांवर थांबा. अभ्यास 1998 मध्ये सुरू झाला. हार्बरची लोकल पनवेलपर्यंत पोचली तेही त्याच वर्षी. तेव्हा तुम्ही कुठे राहत होता, घरात कोण कोण होतं, मावशी किती वर्षांची होती, हे आठवून पाहा. तेव्हापासून इतकी वर्षं कुणीतरी त्याच वस्त्यांत दर दोन वर्षांनी जात राहिलं. घरं बदलली, माणसं गावी गेली, लेकी सासरी गेल्या, झोपड्यांच्या जागी इमारती झाल्या, तरी त्या बायकांची विचारपूस करायची होती. कॅन्सरच्या तपासणीने जीव वाचतो का, हे लवकर कळत नाही. त्यासाठी माणसांची आयुष्यं पुढे सरकावी लागतात. ज्या लेखामागे अशी वर्षं असतात त्याला वाचकाने निदान एक संध्याकाळ द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

शीर्षकाखाली सारांश असतो. बहुतेक लोक इथे येतात, शेवटचा परिच्छेद वाचतात आणि निघून जातात. तुम्ही तो शेवटचा परिच्छेद हाताने झाका. खरंच झाका. निष्कर्ष आधी वाचला की पुढचं सगळं आपण त्याला पुरावा म्हणून वाचतो. मग तो पटणारा असला तर माना डोलावतो, न पटणारा असला तर खुसपटं काढतो. दोन्हींत वाचन होत नाही.

मधला भाग सोडून ‘पद्धत’ या भागाकडे जा. हा भाग रुक्ष असतो, बारीक अक्षरांत असल्यासारखा वाटतो, आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांत तो कधीच येत नाही. पण राहायचं इथेच आहे. इथे प्रत्येक वाक्याला एकच गोष्ट विचारा: कोण?

उत्तर मिळतं. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये राहणाऱ्या 1,51,538 बायका. वय 35 ते 64. आधी कधीही स्तनाचा कॅन्सर न झालेल्या. वस्त्यांचे 20 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं की कोणते दहा गट तपासणीचे आणि कोणते दहा तुलनेचे. एकेका बाईची निवड का केली नाही? चाळीतल्या एका खोलीत तपासणीचं बोलावणं जाणार आणि शेजारच्या खोलीत जाणार नाही, हे चालणार नाही. नळावर बोलणं होतंच. म्हणून अख्खी वस्ती एका बाजूला. तपासणीच्या बाजूला 75,360 बायका आल्या, तुलनेच्या बाजूला 76,178.

आता दोन बायका डोळ्यांसमोर आणा. दोघीही चाळिशीच्या, दोघींच्या घरात सारखीच माणसं, दोघीही सकाळी पाणी भरून कामाला जाणाऱ्या. एकीच्या वस्तीत प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसेविका येते. ही डॉक्टर नाही. ती कॅन्सरची लक्षणं समजावून सांगते आणि हाताने स्तनांची तपासणी करते. बाईला लाज वाटते, वेळ नसतो, घरचे काय म्हणतील असं वाटतं, तरी ती तपासून घेते. दोन वर्षांनी पुन्हा. अशा चार फेऱ्या. त्यानंतर पाच फेऱ्या नुसत्या चौकशीच्या, दर दोन वर्षांनी. दुसऱ्या वस्तीतल्या बाईकडेही माणूस येतो, एकदा लक्षणांची माहिती देतो, आणि मग दर दोन वर्षांनी फक्त विचारपूस करतो, अशा आठ फेऱ्या. तिची तपासणी होत नाही.

या दुसऱ्या बाईजवळ बसा. ती नसती तर पहिलीच्या तपासणीचा उपयोग झाला की नाही, हे कधीच कळलं नसतं. तिने काही न मिळण्याच्या बदल्यात ज्ञान दिलं. हे योग्य होतं का? अभ्यास सुरू झाला तेव्हा हाताच्या तपासणीने मृत्यू कमी होतात की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि भारतात अशी नियमित तपासणी रूढ नव्हती. संशोधकांची बाजू ही अशी आहे. पण याच बायकांच्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचीही तपासणी होत होती, आणि तिच्याबद्दलचा प्रश्न जास्त टोकदार होता, कारण त्या आजारात तपासणीने मृत्यू टळतात हे जगात इतरत्र दिसून चुकलं होतं. मुंबईतूनच निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने 2014 मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांची भारतातल्या अशा अभ्यासांवरची कडक टीका छापली. तिला उत्तर देणारेही होते. हे नियतकालिक 1993 पासून निघतं आणि मोफत वाचता येतं. वैद्यकीय लेख वाचायला शिकणाऱ्याने ते शेजारी ठेवावंच. एका नियतकालिकात छापलेला आकडा दुसऱ्या नियतकालिकात जाब देतो, हे पाहिलं की संशोधनाबद्दलची भीती जाते आणि आंधळा विश्वासही जातो. मला स्वतःला असं वाटतं की तुलनेच्या बाजूच्या बायकांचं देणं अजून फिटलेलं नाही. ते फेडण्याचा मार्ग म्हणजे जे कळलं ते त्यांच्यासारख्यांपर्यंत पोचवणं. लेख कुलपात ठेवून ते होणार नाही आणि तो चुकीचा सांगूनही होणार नाही.

पद्धतीच्या आसपास, बहुतेकदा सारांशाच्या शेवटी, नोंदणी क्रमांक असतो. नजर सहज त्यावरून घसरते. थांबा. इथे भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा क्रमांक आहे: सीटीआरआय, मग 2010, मग आकडे. अभ्यास 1998 चा आणि नोंदणीत वर्ष 2010 कसं? कारण भारतातली ही रजिस्ट्रीच जुलै 2007 मध्ये सुरू झाली. त्यामुळे या जुन्या अभ्यासाकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. पण आज सुरू होणाऱ्या अभ्यासाचा क्रमांक मात्र पहिला रुग्ण घेण्याआधीचा असला पाहिजे. आपण काय मोजणार आहोत, हे आधी जाहीर करायचं आणि मग मोजायचं. उलटं केलं तर हजार गोष्टी मोजून त्यातली एक चांगली निवडून दाखवता येते.

आता आकड्यांकडे. एका बैठकीत एक आकडा पुरे.

पहिला: कॅन्सर सापडला तेव्हा तो तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होता, अशा बायका तुलनेच्या बाजूला 47 टक्के, तपासणीच्या बाजूला 37 टक्के. म्हणजे आरोग्यसेविकेच्या हाताला गाठ लवकर लागली. लवकर सापडलेल्या गाठीचं ऑपरेशन लहान असू शकतं, केमो टळू शकतो, खर्च आवाक्यात राहू शकतो. हा आकडा ज्याने स्टेज ऐकल्यावरची शांतता घरात अनुभवली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. पण लवकर सापडणं आणि जीव वाचणं यांत अंतर असतं, आणि आपला प्रश्न मृत्यूबद्दल होता.

दुसरा आकडा त्याबद्दलचा आहे. एक लाख बायकांवर एक वर्ष लक्ष ठेवलं असं धरलं, तर स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू तुलनेच्या बाजूला 24.62 आणि तपासणीच्या बाजूला 20.82. लेख म्हणतो, 15 टक्क्यांनी कमी. ‘15 टक्के’ ऐकल्यावर मनात काय आलं ते पाहा. शंभरातल्या पंधरा जणी वाचल्या असं वाटलं का? मग पुन्हा पाहा. लाखामागे, वर्षाला, सुमारे चार जणी. दोन्ही आकडे खरे आहेत, पण टक्क्यांत फरक मोठा दिसतो आणि माणसांत मोजला की त्याचं खरं माप कळतं. कुणी ‘इतके टक्के फायदा’ म्हणालं की ‘किती जणींमागे?’ असं विचारायची सवय लावून घ्या. आणि हेही मनात येऊ द्या की त्या चार जणींच्या घरी ‘फक्त चार’ असं कुणी म्हणणार नाही.

आता त्या 15 टक्क्यांच्या शेजारी, तपासणीच्या आणि तुलनेच्या बाजूच्या मृत्युदरांच्या गुणोत्तरासाठी, कंसात दोन आकडे आहेत: 0.71 ते 1.01. याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. नाव जड असलं तरी अर्थ नम्र आहे. संशोधक सांगतात की आमच्या मोजणीत 15 टक्के फरक आला, पण योगायोगाचा वाटा धरला तर खरा फरक 29 टक्के कमी मृत्यूंपासून ते 1 टक्का जास्त मृत्यूंपर्यंत कुठेही असू शकतो. 1 म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. हा पल्ला 1 ला ओलांडून किंचित पलीकडे गेला आहे. म्हणून दीड लाख बायका आणि 20 वर्षं यानंतरही संशोधकांना लिहावं लागलं की हा फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. ते वाक्य त्यांनी सारांशातच लिहिलं. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर असं लिहिताना हाताला जड गेलं असेल. मला या लेखातली सगळ्यात आदर वाटावी अशी जागा ही वाटते.

पुढे ते वयाप्रमाणे फोड करतात. 50 आणि त्यापुढच्या बायकांत तुलनेच्या बाजूला लाखामागे वर्षाला 34.68 मृत्यू, तपासणीच्या बाजूला 24.62. जवळजवळ 30 टक्क्यांची घट, आणि पल्ला 0.54 ते 0.94, म्हणजे पूर्णपणे 1 च्या अलीकडे. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र 21.03 आणि 19.53, पल्ला 0.79 ते 1.09. इथे मन उसळी घेतं. बावन्नच्या मावशीला लागू पडणारं उत्तर मिळालं! पण वाक्यात आणखी एक शब्दसमूह आहे: ‘पोस्ट हॉक’. ही फोड मूळ प्रश्नात नव्हती, आकडे हाती आल्यावर केली. नंतर केलेल्या फोडीत एखाद्या गटात फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. म्हणून ती टाकून द्यायची नाही, कारण पन्नाशीनंतर आजाराचं प्रमाण वाढतं आणि तपासणीचा उपयोग तिथे जास्त दिसणं समजण्यासारखं आहे. फक्त तिच्याकडे पक्कं उत्तर म्हणून न पाहता बळकट शक्यता म्हणून पाहायचं. ‘बळकट शक्यता’ या दोन शब्दांपाशी मनाला बसवता येतं का, ते पाहा. काळजीत असलेल्या मनाला हो किंवा नाही हवं असतं. या दोहोंच्या मधे टिकून राहणं हा सरावाचा भाग आहे.

आणखी एक आकडा आहे, तोही वाचा: कोणत्याही कारणाने आलेले एकूण मृत्यू. तिथे फरक 5 टक्क्यांचा, आणि तो कसोटीला उतरणारा नाही. बायका फक्त स्तनाच्या कॅन्सरने मरत नाहीत, हे तो आकडा सांगतो.

सारांशावरचा हात आता काढा. झाकलेला निष्कर्ष वाचा. तुम्ही स्वतः काढला त्याच्याशी ताडून पाहा. जुळला तर चांगलं, नाही जुळला तर आणखी चांगलं. मागे जाऊन कुठे वाट वेगळी झाली ते शोधा.

याच बायकांवरचा दुसरा लेख 2014 मध्ये अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये आला. पहिले लेखक सुरेंद्र शास्त्री. तपासणी अगदी साधी: पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखा द्रव, गर्भाशयाच्या मुखावर लावून डोळ्यांनी पाहायचं. तीही आरोग्यसेविकांनीच केली. त्या आजाराच्या मृत्यूंत 31 टक्के घट आली, आणि पल्ला 0.54 ते 0.88. दोन लेख शेजारी ठेवा. त्याच वस्त्या, त्याच बायका, त्याच प्रकारच्या सेविका. एका आजारात उत्तर ठाम, दुसऱ्यात डळमळतं. तपासणी म्हटली की उपयोगच, असं समजणाऱ्यांनी आणि तपासण्या म्हणजे पैसे उकळणं असं समजणाऱ्यांनीही हे दोन लेख एकत्र वाचावेत.

काही आकड्यांमागे माणसं नसतात, तेही पाहून घ्या. 22 मे 2020 ला ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख आला. करोनात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिल्याने अपाय होतो असा त्याचा निष्कर्ष होता. आधार 96,032 रुग्णांचा, 671 रुग्णालयांचा, सहा खंडांचा. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाचा आपला प्रयोग तात्पुरता थांबवला. त्या दिवसांत आपल्याकडे हीच गोळी मेडिकलमध्ये शोधून शोधून सापडत नव्हती. मग जगभरच्या डॉक्टरांनी पद्धतीचा भाग हळूहळू वाचला आणि विचारलं: कोणती रुग्णालयं? कोणते रुग्ण? माहिती जमवल्याचं सांगणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीने स्वतंत्र तपासणीसाठी ती दिलीच नाही, आणि 4 जूनला लेख मागे घेतला गेला. नियतकालिक नामांकित होतं, आकडा मोठा होता, तक्ते नेटके होते. फक्त ‘कोण?’ याला उत्तर नव्हतं. मागे घेतलेला लेख संकेतस्थळावरून गायब होत नाही. तो मागे घेतल्याची ठळक खूण लावून तसाच ठेवतात. म्हणून कुठलाही लेख वाचायला घेताना शीर्षकाच्या आसपास ‘रिट्रॅक्टेड’ किंवा ‘करेक्शन’ लिहिलेलं आहे का, हे आधी पाहावं. आणि कुणी व्हॉट्सॲपवर फक्त चित्र पाठवलं असेल तर मूळ लेख पबमेडवर शोधून तिथे पाहावं, कारण चित्रावर ती खूण नसते.

बीएमजेच्या पानावर ‘पीअर रिव्ह्यू’ असा एक वेगळा कप्पा आहे. लेख छापण्याआधी परीक्षकांनी काय विचारलं आणि लेखकांनी काय उत्तर दिलं, ते तिथे ठेवलेलं असतं. सगळी नियतकालिकं हे दाखवत नाहीत. जिथे दाखवतात तिथे एकदा तरी आत जा. आपल्या मनात आलेली शंका एखाद्या परीक्षकानेही विचारलेली दिसली, तर पुढच्या लेखाला सामोरं जाताना अंगात बळ येतं. हितसंबंधांची आणि पैसा कुणी दिला याची नोंद लेखाच्या शेवटी असते. तीही वाचायची, संशय म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

आता हे सगळं इथे, नवी मुंबईत, मावशीच्या घराकडे वळवू. अभ्यासात तपासणी दर दोन वर्षांनी होती. भारत सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यात 30 ते 65 वर्षांच्या बायकांसाठी तोंडाची, गर्भाशयाच्या मुखाची आणि हाताने स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे. दोन आणि पाच यांतला फरक मनात ठेवा: मुंबईच्या अभ्यासाने जे दाखवलं ते दोन वर्षांच्या अंतराबद्दल आहे. अभ्यासातल्या बायका वस्तीत राहणाऱ्या होत्या. सीवूड्सच्या मनोऱ्यात राहणाऱ्या, आई आणि बहीण दोघींना हा आजार झालेल्या बाईचा धोका वेगळा असू शकतो आणि तिच्यासाठी डॉक्टर वेगळी तपासणी सांगतील. मॅमोग्राफीशी इथे तुलनाच केलेली नाही, तेव्हा ‘हाताची तपासणी मॅमोग्राफीइतकीच चांगली’ असं या लेखाच्या आधाराने म्हणता येत नाही, आणि ‘मॅमोग्राफीपेक्षा कमी’ असंही नाही. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन विचारण्यासारखे प्रश्न आता तुमच्याकडे आहेत. इथे ही तपासणी होते का, कोण करतं, तिला प्रशिक्षण कुणी दिलं, आणि काही सापडलं तर पुढे कुठे पाठवता? शेवटचा प्रश्न विसरू नका. मुंबईच्या अभ्यासात सेविकेच्या हातामागे टाटाचं रुग्णालय उभं होतं.

आणि एक बाई या तक्त्यात मुळीच नाही. जिला आंघोळ करताना स्वतःच्या हाताला गाठ लागली आहे, जिच्या स्तनातून रक्त येतंय, जिची त्वचा आत ओढली गेली आहे, तिच्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. तपासणीचे सगळे अभ्यास काहीही त्रास जाणवत नसलेल्या बायकांवर असतात. तिने 0.71 आणि 1.01 यांचा विचार करत बसू नये. मावशी अशी असेल तर उद्या सकाळची कामं दुसऱ्या कुणावर सोपवा, जुने रिपोर्ट एका पिशवीत भरा आणि तिला सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि बायोप्सीची सोय असलेल्या ठिकाणी घेऊन जा.